हंगाम चालू आणि फ्लँजला तडा

साखर कारखान्यात इंजिनियरिंगला असलेल्या माणसाला जानेवारीत रात्री फोन आला, की तो बोलणाऱ्याचे शब्द नंतर ऐकतो. आधी त्यामागे मिलचा आवाज चालू आहे का ते ऐकतो. १२ जानेवारी २०२४ च्या रात्री मला शिफ्ट इंजिनियरचा फोन आला तेव्हा मिल चालू होती. त्यामुळे उठून बसायला जरा वेळ मिळाला.

"साहेब, हेडरवर वाफ दिसतीय. टीजीच्या लाइनच्या व्हॉल्व्हपाशी. आण्णा म्हणतायत पॅकिंग गेलंय."

पॅकिंग गेलं असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. फ्लँजला, म्हणजे पाइपच्या टोकाच्या बोल्टने जोडायच्या चकतीला, तडा गेला होता आणि फ्लँज अशा जागी होती की ती बदलायची तर अख्खा कारखाना थंड करावा लागणार होता. पुढचा जवळजवळ महिना आम्ही हे प्रकरण कसं निभावलं ते इथे क्रमाने मांडतोय. त्या दिवसांत मी मोबाइलवर बरीच शोधाशोध केली. एक तर बाहेरून क्लॅम्प आवळून गळती थांबवणाऱ्या एजन्सीच्या जाहिराती सापडायच्या, नाहीतर परदेशी कोडची पानं. कागद कुठे पाठवायचे, परवानगीला किती थांबायचं, खरेदी विभागाला कसं पटवायचं, याबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

ज्यांना कारखान्याची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमचा सहकारी कारखाना रोज पाच हजार टन गाळपाचा आहे. दोन जुने बॉयलर, दाब चौरस सेंटिमीटरला ३२ किलो, तापमान ३८० अंशांच्या आसपास. दोन्हींची वाफ एका मेन हेडरमध्ये येते आणि तिथून फाट्या निघतात. त्यातली सगळ्यात महत्त्वाची फाटी टर्बो जनरेटरची, म्हणजे टीजीची. हेडरमधून दोनशे एनबीचा (नाममात्र दोनशे मिलिमीटर व्यासाचा) आखूड स्टब निघतो, त्यावर सहाशे क्लासची (जास्त दाबाच्या दर्जाची) वेल्ड नेक, म्हणजे पाइपला वेल्ड होणारी मान असलेली, फ्लँज आणि तिला लागून आयसोलेशन व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या पुढे काही झालं तर व्हॉल्व्ह बंद करून काम करता येतं. आमची गळती व्हॉल्व्हच्या अलीकडे, हेडरच्या बाजूला होती. तिथे वाफ बंद करायला काहीच नव्हतं.

मी पोचलो तेव्हा प्लॅटफॉर्मवर चार-पाच जण कोंडाळं करून उभे होते. पहिलं काम सगळ्यांना खाली उतरवायचं केलं. सुपरहीटेड वाफेचा झोत दिसत नाही. पांढरा ढग दिसतो तो पुढे, वाफ थंड व्हायला लागल्यावर. भोकापासून ढगापर्यंतची मधली जागा रिकामी दिसते आणि तीच हात कापून नेते. जुने लोक लांब काठीला फडकं बांधून ते पुढे सरकवत नेतात. फडकं फडफडलं की तिथे झोत. आम्हीही तेच केलं. झोत कुठून कुठे जातो ते कळल्यावर लाल फीत बांधली आणि खालून जाणारा रस्ता बंद केला.

आण्णा आमचे फिटर फोरमन. हंगाम पाहून पाहून केस पांढरे झालेले. ते म्हणाले, "एक-एक पाना मारून बघूया का साहेब? पॅकिंग असंल तर बसंल."

मी नको म्हटलं. दोन फ्लँजांच्या फटीतून वाफ येत असती तर ती गोलाकार पसरली असती. इथे झोत फटीच्या बराच मागून, मानेकडून येतोय असं वाटत होतं. लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारी लोकर, आणि त्यावरचा अॅल्युमिनियमचा पत्रा असल्याने नक्की दिसत नव्हतं. जळगाव-भुसावळकडच्या औष्णिक केंद्रात असलेल्या एका मित्राला रात्रीच फोन लावला. त्याने एकच प्रश्न विचारला: "फटीतून की मानेतून?" पहाटे दाब उतरवून, पूर्ण अंग झाकणारा सूट घालून, लांब दांड्याच्या आकड्याने पत्रा ओढून काढला आणि लोकर उपसली. मग दुर्बिणीतून बघितलं. फ्लँजची मान जिथे पाइपला वेल्ड केलेली असते, त्या वेल्डच्या कडेने बोटभर लांबीची काळी रेघ होती. वाफ तिथून येत होती.

मानेला तडा असताना बोल्ट आवळणं म्हणजे तडा उघडणं. बोल्ट ओढला की फ्लँजचा चकतीसारखा भाग किंचित वाकतो आणि तो सगळा ताण मानेवरच येतो. त्यामुळे आण्णांना आणि तिन्ही पाळ्यांना लेखी सूचना दिली: या जोडाच्या बोल्टला पाना लावायचा नाही. चालू लाइनवर वेल्डिंगचा टाका मारण्याचा विषयही निघाला, कारण कोणत्याही कारखान्यात हा विषय निघतोच. तो तिथेच संपवला.

सकाळी चीफ इंजिनियर, वर्क्स मॅनेजर, चीफ केमिस्ट, शेती अधिकारी आणि एमडी अशी बैठक बसली. शेती अधिकाऱ्यांनी गाडीतळावर किती ऊस उभा आहे, शेतात किती तुटून पडलाय याचा आकडा ठेवला. मिल थांबली की तासाला दोनशे टन मागे पडतात. तुटलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, घटते. त्या हंगामात उसाची टंचाई होणार म्हणून आधीच ओढाताण होती. आपल्या दारात गाड्या थांबल्या की शेतकरी शेजारच्या कारखान्याला ऊस घालणार, हे एमडींना सांगावं लागत नव्हतं. पण त्यांनी आधी एकच विचारलं, "माणसाला काही होईल का?" त्याचं उत्तर हो असं होतं आणि चीफ साहेबांनी ते तसंच दिलं. पुढची चर्चा त्यामुळे सरळ झाली.

लगेच बंद करून फ्लँज बदलायची म्हटलं तर काय होतं? स्टोअरमध्ये दोनशे एनबीच्या फ्लँजा होत्या, पण दीडशे क्लासच्या, आणि त्याही आयबीआरच्या, म्हणजे भारतीय बॉयलर नियमांच्या, कागदाशिवाय. वाफेच्या लाइनला फ्लँज लावायची तर तिच्याबरोबर प्रमाणपत्र म्हणून फॉर्म तीन-सी लागतो आणि पाइपच्या तुकड्याबरोबर तीन-ए. शिवाय आयबीआर वेल्डर, रेडिओग्राफी (वेल्डचा एक्स-रे) करणारी माणसं आणि दुरुस्तीची मंजुरी. यातलं काहीच त्या शनिवारी हाताशी नव्हतं. बंद केला असता तर कारखाना थंड होऊन सामानाची वाट बघत बसला असता.

म्हणून मधला रस्ता काढला. दाब २७ किलोवर आणला, गाळप वीस टक्क्यांनी कमी केलं, आणि तोपर्यंत क्लॅम्प बसवता येतो का ते बघायचं ठरलं. पण बैठकीतून उठण्याआधी चीफ साहेबांनी एक कागद टाइप करून घेतला. रेघ वाढली, आवाज बदलला किंवा झोताची दिशा बदलली, तर शिफ्ट इंचार्जने कुणालाही न विचारता टीजी ट्रिप (तत्काळ बंद) करून बॉयलर खाली घ्यावेत; त्याबद्दल त्याला जाब विचारला जाणार नाही. खाली एमडींची सही. माझ्या मते महिनाभरातला सगळ्यात मोलाचा कागद हाच. रात्री तीन वाजता मोठ्या साहेबांना फोन करायचा की नाही, या विचारात शिफ्ट इंजिनियरची जी दहा मिनिटं जातात ती त्याने वाचतात.

रेघेवर लक्ष ठेवायला जवळ जायचं नव्हतं. समोरच्या प्लॅटफॉर्मच्या रेलिंगवर एका नटाला पिवळा रंग लावला. दर दोन तासांनी तिथेच उभं राहून, मोबाइल त्या नटावर टेकवून, सारख्याच झूमने फोटो. पत्रा काढला तेव्हा फ्लँजच्या शेजारी स्टीलची पट्टी अडकवून ठेवली होती, ती फोटोत मापाला यायची. फोटो छापून रजिस्टरला चिकटवायचे आणि खाली सही. पोरांनी आधी नाकं मुरडली. मग कुणाचा फोटो हलला यावरून त्यांच्यातच वाद व्हायला लागले.

आता कागदांबद्दल. त्या वेळी १९२३ चा बॉयलर कायदा लागू होता. त्यात अनियंत्रित वाफ बाहेर पडून माणसाला किंवा मालमत्तेला धोका होण्यासारखा प्रकारही अपघातात मोडतो आणि चोवीस तासांच्या आत कळवावं लागतं. आमच्याकडे दोन मतं पडली. कुणी जखमी नाही, मग कशाला? चीफ साहेब म्हणाले, कळवल्याने कुणाचं नुकसान झाल्याचं मला आठवत नाही, न कळवल्याने झालेलं आठवतं. शनिवारीच बाष्पके संचालनालयाला ईमेल गेला, बॉयलर इन्स्पेक्टर साहेबांना फोन झाला. सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी. पण फोन उचलला गेला, आणि त्यांनी पहिला प्रश्न माझ्या मित्राचाच विचारला.

जाता जाता: २०२५ मध्ये नवा बॉयलर कायदा आला आहे. त्यामुळे माझ्या या लेखातली कलमं तशीच उतरवून पत्र लिहू नका, नवा कायदा समोर ठेवा.

रविवारी क्लॅम्पवाल्या एजन्सीची माणसं मापं घ्यायला आली. याआधी आम्ही दोन एजन्सींकडून फोनवर अंदाज घेतले होते. पहिल्याचा दर बराच कमी होता. त्याने सांगितलं, दोन फ्लँजांच्या बाहेरून पट्टा बसवू, आत गळती बुजवणारं कंपाउंड भरू, चार तासांत गळती बंद. मी विचारलं, मान पूर्ण तुटली तर पाइप कोण धरणार? तो म्हणाला, "साहेब, गळती बंद होणार ना, मग झालं."

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्या प्रकरणाचं मर्म इथेच आहे. पाइपचा बाहेरचा व्यास २१९ मिलिमीटर. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३७७ चौरस सेंटिमीटर. ३२ किलो दाबाने गुणलं की बारा टन येतात. मान पूर्ण तुटली तर व्हॉल्व्ह आणि हेडर यांना एकमेकांपासून ढकलणारा जोर बारा टनांचा असणार. पॅकिंग गेलेल्या जोडात हे बारा टन बोल्ट धरून ठेवतात, क्लॅम्पला फक्त वाफ अडवायची असते. आमच्याकडे तडा बोल्टच्या मागे, मानेत होता. बोल्ट धडधाकट असून त्यांचा तिथे उपयोग नव्हता. म्हणजे आम्हाला दोन वेगळी कामं करून घ्यायची होती: वाफ अडवणं आणि जोड धरून ठेवणं. पहिल्या दरपत्रकात फक्त पहिलं काम होतं. कुणी तुम्हाला तडा गेलेल्या फ्लँजला क्लॅम्प देतो म्हणाला, तर आधी हे बारा टन कागदावर मागा. डिझाइनची आकडेमोड द्यायला जो कां कूं करतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

दुसऱ्या एजन्सीच्या इंजिनियरने हा प्रश्न स्वतःच काढला. एएसएमई या अमेरिकी संस्थेच्या पीसीसी-टू या दुरुस्तीच्या मानकात यांत्रिक क्लॅम्पवर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यानुसार आकडेमोड देतो म्हणाला. त्याने सुचवलेली रचना अशी: मानेपासून व्हॉल्व्हच्या फ्लँजच्या पाठीपर्यंत सगळं आत घेणारी, दोन अर्ध्या भागांची जाड पोलादी पेटी, कारण वाफ मानेतून निघून बोल्टच्या भोकांतून पलीकडे येऊ शकते. आणि हेडरच्या पाठीमागून एक सॅडल (खोगिरासारखा आधार), तिला क्लॅम्पशी जोडणारे चार टाय-रॉड. मान तुटली तरी रॉड व्हॉल्व्हला हेडरकडे ओढून धरणार. हेडर आमच्या सोयीने जवळच होता म्हणून हे जमलं. लांब सरळ पाइपवर ही पकड घेणं बरंच अवघड जातं.

मापं घ्यायची पद्धत बघण्यासारखी होती. एकाच्या हातात हवेची लांब नळी. कॉम्प्रेसरच्या हवेने तो वाफेचा झोत बाजूला दाबून धरायचा, आणि दुसरा, चंदेरी सूट घातलेला, तेवढ्यात कॅलिपर लावून आकडा ओरडायचा. तिसरा लांब उभा राहून लिहायचा. प्रत्येक माप दोन जणांनी वेगवेगळं घेतलं. पाइप कागदावर गोल असतो, प्रत्यक्षात नसतो. दोन फ्लँजा एकमेकींवर बरोब्बर बसलेल्या नसतात. तो अर्धा-एक मिलिमीटरचा फरक क्लॅम्पमध्ये आला नाही तर कंपाउंड तिथून बाहेर येतं.

खरेदी विभागाला तीन दरपत्रकं लागतात. सहकारात ते चूक नाही, पण अशा वेळी तिसरं दरपत्रक आणायचं कुठून? तातडीच्या खरेदीची तरतूद उपविधींवर आधारलेल्या खरेदी नियमांत होती. टिपणीत तीन गोष्टी लिहिल्या: काय बिघडलं, थांबलो तर तासाला किती गाळपाचं नुकसान, आणि कमी दराची एजन्सी का नाकारली. एमडींनी मंजुरी दिली, संचालक मंडळाची कार्योत्तर मंजुरी घ्यायचं ठरलं. क्लॅम्प, माणसं, कंपाउंड आणि जीएसटी धरून खर्च पावणेतीन लाखांच्या आसपास गेला. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवलं. बॉयलर आणि प्रेशर प्लांटची पॉलिसी असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी कळवा आणि फोटो पाठवा, नाहीतर सर्व्हेयर नंतर मोकळ्या हाताने उभा राहतो.

सोमवारी संक्रांत होती. तिळगुळाचा डबा घरून बॉयलर हाऊसच्या कंट्रोल रूममध्ये आला. कुणालाच धड झोप नव्हती. कन्व्हेयरवर काही खडखडलं तरी माना वर व्हायच्या.

इन्स्पेक्टर साहेब मंगळवारी, १६ तारखेला आले. त्यांनी रजिस्टरमधले फोटो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. मग क्लॅम्पची आकडेमोड मागितली, ती जवळ होती. त्यांनी स्पष्ट सांगितलं की क्लॅम्प ही दुरुस्ती नव्हे, ती तात्पुरती सोय आणि जबाबदारी मालकाची. भेटीच्या शेऱ्यात अटी लिहून दिल्या: दाब २७ च्या वर न्यायचा नाही, खालची जागा बंद ठेवायची, नोंदी चालू ठेवायच्या, कारखाना सफाईसाठी थांबेल त्या येत्या क्लीनिंगला फ्लँज बदलायची आणि तोपर्यंत कायमच्या दुरुस्तीचा प्रस्ताव द्यायचा. तोंडी होकारावर थांबू नका. शेरा लिहून घ्या, त्याची प्रत बॉयलर हाऊसमध्ये लावा.

क्लॅम्प १८ ला रात्री आला. १९ ला, शुक्रवारी, सकाळी गाळप थांबवलं. शेती विभागाने आदल्या दिवशीच तोड कमी केली होती, त्यामुळे गाडीतळ बऱ्यापैकी रिकामा होता. टीजी बंद केला, कारखाना महावितरणच्या विजेवर घेतला, फीड पंप डिझेल जनरेटरवर. बॉयलर पूर्ण विझवले नाहीत. आग कमी करून हेडरचा दाब आठ किलोपर्यंत उतरवला. चालू दाबावर बसवून देतो असं एजन्सी म्हणत होती, आम्ही नको म्हटलं. अर्ध्या दिवसाचं गाळप गेलं, पण सूट घातलेल्या माणसासमोरचा झोत जेमतेम तिसरा हिस्सा उरला. हा व्यवहार मला आजही स्वस्तातला वाटतो.

क्लॅम्पचं वजन पाइपवर येऊ नये म्हणून तो चेन ब्लॉकवर टांगून ठेवला. दोन्ही अर्धे भाग जुळवले, बोल्ट आवळले, मग टाय-रॉड. इथपर्यंत वाफ चालूच, क्लॅम्पच्या तोट्यांमधून बाहेर पडत होती. त्या मुद्दाम उघड्या ठेवलेल्या असतात, नाहीतर आत दाब साचतो.

मग कंपाउंड. ते मेणबत्तीसारख्या कांड्यांमध्ये येतं. हातपंपाच्या दाबाने एकेका तोटीतून आत ढकलतात. सुरुवात तड्यापासून सगळ्यात लांबच्या तोटीतून करायची आणि दोन्ही बाजूंनी तड्याकडे यायचं. तड्याजवळची तोटी सगळ्यात शेवटी. मला धास्ती होती ती कांड्यांच्या संख्येची. आतल्या पोकळीचं माप काढून एजन्सीने किती कांड्या लागतील ते आधीच लिहून दिलं होतं. त्यापेक्षा जास्त जायला लागल्या तर कंपाउंड तड्यातून पाइपच्या आत जातंय असा अर्थ, आणि पाइपच्या पुढे टर्बाइन. मधे गाळणी आहे खरी, पण त्या भरवशावर पंप मारायचा नसतो. आण्णा स्टुलावर बसून प्रत्येक कांडीला भिंतीवर खडूने रेघ मारत होते. पंपाच्या गेजवर एक जण, तोटीवर एक जण. सांगितलेल्या आकड्याच्या दोन कांड्या आधीच शेवटची तोटी घट्ट झाली आणि वाफ थांबली. आण्णांनी रेघा परत मोजल्या, मग एजन्सीच्या पोराला म्हणाले, "हिशेब बरा हाय की तुमचा."

दाब हळूहळू २७ वर नेला. दुसऱ्या दिवशी कंपाउंड बसल्यावर एजन्सीने परत थोडा पंप मारला, हे त्यांच्या कामातच धरलेलं असतं. दरपत्रकात लिहून घ्या. आणि एक सूचना: क्लॅम्पवर परत लॅगिंग करू नका. आतले बोल्ट आधीच वाफेच्या तापमानाच्या जवळ गेलेले असतात. वरून लोकर गुंडाळली तर ते आणखी तापून ढिले पडतात. उघडा क्लॅम्प दिसायला वाईट दिसतो आणि कुणीतरी हौशी सुपरवायझर तो झाकायला निघतोच. आम्ही पाटी लावली.

कायमच्या दुरुस्तीचा प्रस्ताव १८ तारखेला संचालनालयाकडे गेला होता. वाफेच्या पाइपमध्ये बदल किंवा नूतनीकरण करायच्या आधी तो द्यावा लागतो. २० आणि २१ शनिवार-रविवार, २२ ला अयोध्येतल्या सोहळ्याची राज्यभर सुट्टी, २६ ला प्रजासत्ताक दिन आणि त्याला जोडून परत शनिवार-रविवार. मधल्या दिवसांत एक शंका आली: नव्या स्पूलच्या, म्हणजे फ्लँजसकट पाइपच्या तुकड्याच्या, ड्रॉइंगवर वेल्डचा तपशील नव्हता. तो जोडून परत पाठवला. महिनाअखेरीस मंजुरी आली. वेल्ड जॉइंटचा तपशील, साहित्याचा दर्जा, वेल्डरच्या प्रमाणपत्राची प्रत आणि जुन्या लाइनच्या मंजूर ड्रॉइंगचा क्रमांक, एवढं पहिल्याच पाकिटात घाला, आठवडा वाचतो. फ्लँजचं तसंच. पुरवठादार म्हणेल माल आज पाठवतो, कागद नंतर. कागद आल्याशिवाय माल गेटच्या आत घेऊ नका. आमच्या फ्लँजवर ठोकलेला हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) आणि तीन-सीवरचा नंबर स्टोअरच्या क्लार्कने दोनदा ताडून पाहिला.

रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या क्लीनिंगसाठी कारखाना दर काही आठवड्यांनी थांबतोच. ते क्लीनिंग थोडं पुढे ओढून ९ फेब्रुवारीला घेतलं. या वेळी हेडर पूर्ण थंड केला. स्टब कापून फ्लँज खाली आणली, घासली, तडे दाखवणारा लाल डाय मारून पुसली आणि पांढरं डेव्हलपर फवारलं. बाहेरून बोटभर दिसणारी रेघ आतल्या बाजूला दुपटीहून जास्त लांब निघाली. तडा आतून, वेल्डच्या मुळातून सुरू झाला होता. तिथे जुन्या वेल्डमध्ये धातू पूर्ण उतरलेला नव्हता. तुटलेल्या पृष्ठभागावर झाडाच्या खोडासारखी वलयं होती. म्हणजे एका झटक्यात नव्हे, बऱ्याच काळात थोडा थोडा सरकत आलेला. क्लॅम्प बसेपर्यंत बाहेरून मोजलेल्या लांबीवर आम्ही नजर ठेवली ती तेवढ्यापुरतीच खरी होती. बारा टन टाय-रॉडवर टाकले होते म्हणून या शोधाचा धक्का पचला.

पण वेल्ड तर जुनं, मग आताच का? चीफ साहेब लाइनच्या कडेने चालत गेले आणि व्हॉल्व्हच्या पुढच्या, लाइन टांगून धरणाऱ्या स्प्रिंग हँगरपाशी थांबले. हँगर बसवताना स्प्रिंग जागेवर राहावी म्हणून त्यात लॉक पिन असते. बसवून झालं की ती काढायची असते. ती तशीच होती, वरून रंगही मारलेला. कोणत्या ऑफ सीझनला कोणत्या ठेकेदाराने बसवला याचा पत्ता लागला नाही. स्प्रिंग बांधलेली, म्हणजे लाइन तापून वाढली की हलायला जागा नाही. चार-साडेचारशे किलोचा व्हॉल्व्ह आणि वाढणारी लाइन, दोन्हींचा भार त्या आखूड मानेवर. शिवाय त्या फाटीतलं पाणी बाहेर सोडणारा एक ट्रॅप तुंबलेला सापडला. दर क्लीनिंगनंतर वाफ सोडताना तिथे साठलेलं पाणी आदळत असणार. पिन काढली तेव्हा स्प्रिंग ठणकन उडाली आणि लाइन डोळ्यांदेखत खाली बसली. नवी फ्लँज त्यानंतरच फिट केली. आधी केली असती तर तीही वाकड्या लाइनला जुळवली गेली असती.

वेल्डिंग, रेडिओग्राफी, इन्स्पेक्टरांसमोर हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), हे ठरल्याप्रमाणे झालं. रेडिओग्राफीला रात्री आवार रिकामं करावं लागतं, ते क्लीनिंगच्या माणसांशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांना अडवतात. नवी स्पायरल वाउंड गॅस्केट, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने टप्प्याटप्प्याने. वाफ सोडताना सगळे ड्रेन उघडे ठेवून लाइन तापायला भरपूर वेळ दिला. मिलवाले वैतागले. १२ फेब्रुवारीला सकाळी गाळप पूर्ण क्षमतेवर आलं आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, त्या जोडाने तक्रार केली नाही. कायमच्या दुरुस्तीचा खर्च सव्वा लाखाच्या आत बसला. क्लॅम्पच्या निम्म्याहून कमी.

ऑफ सीझनला आम्ही हेडरवरच्या अशा सगळ्या जागा काढल्या, जिथे व्हॉल्व्हच्या अलीकडे फ्लँज आहे. त्या प्रत्येकीच्या मापाची एक फ्लँज तीन-सीसकट स्टोअरमध्ये आली. सगळ्या स्प्रिंग हँगरच्या पिना तपासल्या. आणखी एक अडकलेली निघाली.

विम्याचं सांगायचं तर सर्व्हेयरने जुन्या वेल्डमधला दोष आणि हळूहळू वाढलेला तडा या कारणावरून क्लॅम्पचा खर्च नाकारला. पत्रव्यवहार बराच झाला, उपयोग झाला नाही. लेखापरीक्षणात मात्र एक शेरा आला: तीन दरपत्रकं न घेता, तेही जास्त दराच्या एजन्सीला काम दिल्याचा खुलासा करावा. खुलाशाला आम्ही तातडीच्या खरेदीची टिपणी, बारा टनांच्या आकडेमोडीचं पान, इन्स्पेक्टरांचा शेरा आणि आतल्या बाजूच्या तड्याचा लाल-पांढरा फोटो जोडला. लेखापरीक्षकांनी फ्लँज बघायला मागितली. ती माझ्या केबिनच्या दाराला अडसर म्हणून लावलेली होती, तिथूनच उचलून दाखवली. पुढच्या अहवालात तो शेरा वगळलेला होता.